गाडीला रुंद टायर टाकताना: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात, पहिल्याच कडक वळणाला आवाज आला. खर्रर्र. पत्र्यावर खराटा घासावा तसा. मागच्या सीटवर आई, मावशी आणि मोठा भाचा, डिकीत डबे आणि चटया, निघालो होतो कासला. आवाज ऐकून मावशी म्हणाली, "अरे, खाली काही अडकलंय का बघ." अडकलं काही नव्हतं. आठच दिवसांपूर्वी मी हौसेनं रुंद टायर टाकून घेतले होते, आणि ते गाडीलाच घासत होते.

गाडी स्विफ्ट, खालचं मॉडेल. मूळ टायर १६५/८० आर १४. ते गोटा झाले होते, बदलायचेच होते. एका दुकानात दुसऱ्या कुठल्यातरी गाडीवरून उतरवलेला अलॉयचा, म्हणजे मिश्रधातूच्या रिमचा, सेट होता, १५ इंची. दुकानदार म्हणाला, "दादा, ह्यावर १९५/६५ टाकतो, बसतंय की. गाडी कशी उठून दिसंल बघा." बसले. दिसलीही उठून. बाकीचं घाटात कळलं.

तेव्हापासून नात्यातलं, ऑफिसातलं कुणी टायर घ्यायला निघालं की माझ्याकडे येतं. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. रुंदी सगळ्यांना पहिल्यांदा हवी असते, पण ती ठरवायची सगळ्यात शेवटी. आधी टायरची एकूण उंची, मग रिम, मग आत मोकळी जागा किती, आणि हे सगळं जमलं तर रुंदी.

रुंद टायर कशासाठी हवेत?

हा प्रश्न स्वतःला खरोखर विचारा. "गाडी पावसात घसरते" म्हणून रुंद टायर घ्यायला निघाला असाल तर थांबा. पावसात घसरणाऱ्या दहापैकी आठ गाड्यांचे टायर मी झिजलेलेच पाहिलेत. टायरच्या खोबणीत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. वरची नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला. अशा वेळी त्याच मापाचा नवा, चांगल्या प्रतीचा टायर टाकला तरी गाडी वेगळीच वाटते.

रुंद टायरमुळे रस्त्याला जास्त रबर लागतं, असं सगळे म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. माणसं धरून पुढच्या एका चाकावर साधारण ३०० किलो वजन येतं असं समजा. टायरमध्ये ३३ पीएसआय दाबाची हवा असेल तर ती दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो पेलते. भागाकार केला की १३० चौरस सेंटीमीटर येतात, म्हणजे मोठ्या माणसाचा तळहात. टायर अरुंद असो की रुंद, हवा तेवढीच भरली तर रस्त्याला टेकणारा तुकडा जवळपास तळहाताएवढाच राहतो. फक्त आकार बदलतो. अरुंद टायरचा तुकडा लांबट, रुंद टायरचा आडवा.

आडव्या तुकड्याचा फायदा वळणावर होतो. कोरड्या रस्त्यावर गाडी वळणात नेमकी राहते, स्टेअरिंगला प्रतिसाद लगेच देते. पसरणी घाट चढताना हा फरक हाताला कळतो. तोटा पावसात होतो. आडव्या तुकड्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय पडतो ते सांगायला नको. हायवेला उजव्या लेनमध्ये दुभाजकाच्या कडेनं पाणी साचलेलं असतं आणि गाडी नव्वदच्या पुढे असेल, तर रुंद आणि अर्धवट झिजलेला टायर हा सगळ्यात वाईट जोड.

शिवाय स्टेअरिंग किंचित जड होतं, टायरची किंमत वाढते, अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. माझ्या गाडीचं लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटरनं उतरलं होतं, पण त्यात जड अलॉयचाही हात होता. हे सगळं वाचूनही हवेच असतील तर पुढे चला. एक पायरी रुंद टायर नीट निवडला तर मजा येते, हे मीही नाकारत नाही.

टायरच्या बाजूवर काय लिहिलंय

१६५/८० आर १४ ८५ टी, असं काहीतरी असतं. १६५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या बांधणीचा प्रकार. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. नवखा माणूस इथेच फसतो: मधला आकडा मिलिमीटर नाही, टक्के आहे. त्यामुळे १६५/८० वरून कुणी १८५/८० वर गेला तर त्याची रुंदीच नाही, उंचीही वाढते.

८५ हा वजनाचा आकडा, म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०. शेवटचं अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर ताशी. नवा टायर घेताना हे दोन्ही मूळ टायरइतके किंवा जास्त हवेत, कमी कधीच नाही. एवढं पुरे.

उंचीचं गणित

कागद घ्या. मोबाइलवर कॅल्क्युलेटर असतोच. माझंच उदाहरण करून दाखवतो.

मूळ टायर १६५/८० आर १४. भिंत: १६५ चे ८० टक्के, १३२ मिलिमीटर. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून २६४. रिम: १४ गुणिले २५.४, म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मिलिमीटर. ही चाकाची एकूण उंची.

मी टाकलेला १९५/६५ आर १५. भिंत १२६.७५, दुप्पट २५३.५. रिम ३८१. बेरीज ६३४.५. म्हणजे चाक १५ मिलिमीटरनं उंच झालं, जवळपास अडीच टक्के. स्पीडोमीटरला हे माहीत नाही. तो ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ८२ नं जात असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, त्यामुळे अ‍ॅव्हरेज काढताना आणखी गोंधळ. आणि चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर किंचित लांब होतो. मोठ्या इंजिनाला फरक पडत नाही, पण भरलेल्या छोट्या गाडीला यवतेश्वरच्या चढावर दुसऱ्याचा पहिला करायची वेळ थोडी आधी येते.

आता १८५/६५ आर १५ करून बघा. भिंत १२०.२५, दुप्पट २४०.५, अधिक ३८१, एकूण ६२१.५. मूळ मापापासून फक्त दोन मिलिमीटरचा फरक! रुंदी २० मिलिमीटरनं वाढली आणि उंची होती तिथेच. योगायोग नाही हा. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी हेच माप देत आली आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी आळशी माणसाचा आहे: तुमच्याच गाडीच्या, तुमच्याच पिढीच्या वरच्या मॉडेलला कंपनी कुठला टायर देते ते शोधा. मॅन्युअलमध्ये असतं, ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या स्टिकरवरही बहुतेक असतं. वॅगनआरचं बघा: १.० इंजिनाला १५५/८० आर १३, १.२ च्या गाडीला १६५/७० आर १४. हिशेब केला तर ५७८ आणि ५८७ मिलिमीटर, दीड टक्क्याच्या आत. घासतं का, ब्रेकला जागा पुरते का, हे सगळं कंपनीनं आधीच तपासलेलं असतं.

१४ ची मूळ रिम ठेवूनच रुंद व्हायचं असेल तर १६५/८० ऐवजी १८५/७० आर १४ हा मार्ग आहे. एकूण ६१४.६ मिलिमीटर, म्हणजे एक टक्क्याहून कमी घट. वरच्या दिशेनं असो वा खालच्या, दोन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नका. मी स्वतः दीडवरच थांबतो.

रिम सांगेल तेच खरं

चाक काढून रिमच्या आतल्या बाजूला बघा, चिखल पुसून. "१४ × ५ जे" असं कोरलेलं दिसेल. १४ हा व्यास, ५ ही रिमची रुंदी, इंचात; जे हे अक्षर रिमच्या कडेच्या आकाराचं. प्रत्येक टायरला चालणाऱ्या रिमरुंदीची हद्द ठरलेली असते. १८५/७० आर १४ साठी साडेचार ते सहा इंच. १८५/६५ आर १५ साठी पाच ते साडेसहा. १९५/६५ आर १५ साठी साडेपाच ते सात. म्हणजे पाच इंची रिमवर १८५ चालतो, पण १५ ची रिम असूनही ती पाचच इंच रुंद असेल तर १९५/६५ हद्दीबाहेर जातो.

तरी तो "बसतो". हवा भरली की फटाक करून बसतो, दुकानदार तुमच्याकडे विजयी नजरेनं बघतो. पण अरुंद रिमवर रुंद टायर म्हणजे भिंती आत ओढल्या जातात, टायर मधे फुगतो, वळणात डुलतो आणि मधूनच झिजतो. ज्या नेमकेपणासाठी पैसे घातले तोच जातो.

नवी किंवा जुनी अलॉय घेणार असाल तर आणखी तीन गोष्टी. बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला सगळे पीसीडी म्हणतात; स्विफ्टला ४ × १००. मधल्या भोकाचा व्यास. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना ५४.१ मिलिमीटर. भोक मोठं असेल तर मधे बसणारी रिंग लागते, नाहीतर साठ-सत्तरला स्टेअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंग करून करून थकतो. तिसरी गोष्ट ऑफसेट, रिमवर ईटी असं लिहून पुढे आकडा असतो. आकडा मूळ रिमपेक्षा लहान असेल तर चाक तेवढे मिलिमीटर बाहेर येतं. माझ्या त्या सेटचा ईटी किती होता? मी विचारलाच नव्हता.

आणि १६ इंचाच्या मोहात पडू नका. १९५/५५ आर १६ ची उंची कागदावर अगदी जुळते, ६२०.९. पण भिंत १०७ मिलिमीटर उरते, मूळची १३२ होती. सातारा सोडून आत कुठेही गेलं की रस्त्याची कड तुटलेली, खड्ड्याचा काठ धारदार. एक दणका बसला की भिंतीला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. ज्यांची गाडी शेतात जाते त्यांनी तर उंच भिंतच ठेवावी. ऊस तुटून गेलेल्या रानाच्या कडेला गाडी लावताना उसाचे तिरके कापलेले बुडखे भिंतीत घुसतात. तिथलं पंक्चर कुणी प्रामाणिक माणूस काढून देत नाही.

घासतंय का, हे दुकानातच बघा

रुंदी २० मिलिमीटरनं वाढली आणि ऑफसेट तोच राहिला तर टायर १० आत आणि १० बाहेर सरकतो. आतल्या बाजूला शॉकअ‍ॅब्सॉर्बरची नळी असते. तिथे करंगळी सहज गेली पाहिजे. बाहेरच्या बाजूला मडगार्डची दुमडलेली कड.

आधी एकच चाक बसवायला सांगा. पुढचं. गाडी जॅकवरून खाली घ्या, स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. आतल्या काळ्या प्लास्टिकपासून टायर किती दूर आहे ते मोबाइलचा टॉर्च लावून बघा. मग मागचं चाक बसवा, आणि दुकानातल्या दोघातिघांना मागच्या सीटवर बसवून गाडी दाबून बघा. हसतील. हसू द्या. रिकामी गाडी कधीच घासत नसते, घासते ती भरलेली, वळणात, खड्ड्यात. मला हे कळलं तेव्हा प्लास्टिकला बोटभर चर पडली होती आणि मावशीला कासची फुलं बघायची घाई होती. परतताना मी सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, सासरी निघालेल्या नव्या नवरीसारखा उतरलो.

कायदा आणि इन्शुरन्स

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडी निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. मडगार्डच्या बाहेर डोकावणारे टायर लावून साताऱ्याची एमएच-११ ची पाटी मिरवाल तर कधीतरी कुणीतरी हात करणारच. त्याहून मोठी भीती इन्शुरन्सची. अपघातानंतर सर्व्हेअर टायरचं माप बघतो, आणि ते गाडीच्या कुठल्याच मॉडेलचं नसेल तर क्लेम अडू शकतो. वरच्या मॉडेलचं माप निवडण्याचं हे आणखी एक कारण. तेही निवडलं तरी इन्शुरन्स कंपनीला ईमेलनं कळवून ठेवा आणि उत्तर जपून ठेवा.

दुकानात

साताऱ्यात पोवई नाक्यापासून हायवेपर्यंत टायरची दुकानं भरपूर आहेत, तीन ठिकाणी भाव विचारा. विचारताना माप तुम्ही सांगा. "माझ्या गाडीला काय बसेल?" असं विचारलं की दुकानात जे पडून आहे ते बसतं.

टायर खाली उतरवला की भिंतीवर डीओटी ही इंग्रजी अक्षरं शोधा. त्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५ वा आठवडा, ऑगस्टची अखेर. सहा-आठ महिन्यांचा टायर मी बिनधास्त घेतो, दोन वर्षं पडून असलेला घेत नाही. चारही टायरची तारीख बघा, एकाची दाखवून बाकीचे जुने देणारे असतात. आयएसआयचा शिक्का हवाच, कारच्या टायरला तो सक्तीचा आहे. भिंतीवर बाण असेल तर चाक त्याच दिशेनं फिरलं पाहिजे. बिल मापासकट घ्या.

चारही एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे टाका. दोनच टाकायची ऐपत असेल तर सध्या रुंदीचा विचार सोडा, मूळ मापाचे दोन घ्या आणि ते मागे लावा, गाडी पुढची चाकं ओढत असली तरी. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, मागचं घसरलं तर फिरते, आणि फिरलेली गाडी नवख्याला आवरत नाही.

नव्या टायरला नवे व्हॉल्व्ह, मग बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. नायट्रोजनचा आग्रह झाला तर चहाइतका घ्या: फुकट असेल तर नाही म्हणू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

स्टेपनी विसरतात सगळे. जुनी १६५/८० आर १४ स्टेपनी आणि नवे १८५/६५ आर १५, यांची उंची जवळपास सारखी असल्यानं पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जाता येतं. पण अलॉयसोबत वेगळे नट आले असतील तर लोखंडी रिमचे जुने चार नट पिशवीत बांधून डिकीत टाका. केळघरच्या घाटात, पावसात, रात्री साडेनऊला चुकीचे नट हातात घेऊन उभं राहण्यात काहीही गंमत नाही.

पहिले पंधरा दिवस

नवा टायर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर थोडा निसरडा असतो, साच्यातून काढताना लावलेला ओशटपणा जायला वेळ लागतो. तेवढे दिवस वळणात आणि ब्रेकला सबुरी. ५०-१०० किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या, अलॉय असेल तर नक्कीच.

हवा स्टिकरवरची, आणि टायर थंड असताना. माप बदललं असेल तर आम्ही खडूची युक्ती करतो. मुलांच्या पाटीचा पांढरा खडू घ्या, टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत जाड आडवी रेघ ओढा. कोरड्या, सरळ रस्त्यावर दोनतीनशे मीटर गाडी चालवा आणि उतरून बघा. रेघ सगळीकडे सारखी पुसली असेल तर हवा बरोबर. फक्त मधली पुसली तर जास्त, दोन्ही कडांची पुसली तर कमी. एक-दोन पीएसआयनं वर-खाली करून पुन्हा बघा, पण स्टिकरवरच्या आकड्याच्या खाली जाऊ नका.

माझा तो १९५ चा सेट मी तोट्यात विकला आणि वरच्या मॉडेलच्या मूळ १५ इंची रिम जुन्या बाजारातून आणून १८५/६५ टाकले. पुढच्या रविवारी पुन्हा तीच मंडळी गाडीत भरली, मावशी धरून. पहिलं वळण आलं तसं ती म्हणाली, "आज काही अडकलं नाही वाटतं."